शंभर मीटर खोल पाण्यातील वाळू उपसण्यासाठी ड्रेजर कसा आखावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या कंपनीकडे ५,००० घनमीटर हॉपरचा (उपसलेली वाळू साठवण्याच्या कोठीचा) आणि ३० मीटर खोलीपर्यंत काम करणारा एक सक्शन ड्रेजर, म्हणजे पाइप तळावर ओढत नेऊन पंपाने वाळू उपसणारे जहाज, आहे. समुद्रात १०० मीटर खोलीवरची वाळू काढण्याचे काम हाती येण्याची शक्यता आहे. तेव्हा आहे त्याच जहाजाचा सक्शन पाइप लांब करून भागेल का, आणि भागत नसेल तर नवे जहाज आखताना सुरुवात कोठून करावी?

पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. ते का नाही, हे नीट ध्यानात आले तर दुसऱ्या भागाचे निम्मे उत्तर त्यातच मिळते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

पंप पाणी खेचतो असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, पण प्रत्यक्षात पंप फक्त स्वतःच्या तोंडाशी दाब कमी करतो. वाळू-पाण्याचे मिश्रण पाइपमधून वर ढकलण्याचे काम बाहेरचे समुद्राचे पाणी आणि त्यावरची हवा करते. हवेचे हे भांडवल कोठेही गेले तरी पाण्याच्या सुमारे १०.३ मीटर उंचीच्या स्तंभाइतकेच असते. त्यातले तीनेक मीटर पंपाच्या तोंडाशी शिल्लक ठेवावे लागतात, नाहीतर इम्पेलरजवळ (पंपाच्या फिरत्या चाकाजवळ) पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटू लागतात, पंप खडखडतो आणि उपसा एकदम कोसळतो. आणखी साडेतीन-चार मीटर घर्षणात आणि वेगात जातात. उरलेल्या तीन-चार मीटरवर काय करायचे ते करायचे असते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५ आणि पाइपातल्या मिश्रणाची त्याहून जास्त. हा फरक पंपाखालच्या प्रत्येक मीटरला थोडा थोडा साचत जातो आणि हे तुटपुंजे भांडवल खाऊन टाकतो.

आकडे घालून पाहू. पंप जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली ५ मीटरवर आहे असे धरा. ३० मीटर खोलीवर काम करताना हा पंप १.३८ घनतेचे मिश्रण घेऊ शकतो, म्हणजे पाइपातल्या दर १०० लिटरांत सुमारे २२ लिटर निव्वळ वाळूचे कण असतात. हे उत्तमच आहे. खोली ६० मीटर केली की हाच पंप १.१८ पर्यंत येतो आणि कण साडेनऊ लिटरांवर उतरतात. १०० मीटरला घनता १.१० आणि कण जेमतेम पाच लिटर. डिझेल तेवढेच जळते, खलाशांचे पगार तेवढेच असतात, आणि हॉपर भरायला चौपटीहून अधिक वेळ लागतो. तोही गणित कागदावर जितके साधे आहे तितकेच समुद्रात साधे राहिले तर. इम्पेलर थोडा झिजला, पाइपात एखादा दगड अडकला, की पाच लिटरांचे दोन होतात. अधिक ताकदीचा पंप बसवूनही हे बदलत नाही, कारण उणीव ताकदीची नसून दाबाची आहे, आणि तो दाब विकत मिळत नाही.

म्हणून पंपच खाली न्यावा लागतो. खोल पाण्याच्या ड्रेजरची आखणी म्हणजे सक्शन पाइपवर, पाण्याखाली, नेमक्या कोणत्या जागी पंप ठेवायचा हे ठरवणे, आणि मग त्या पंपाचा, त्याच्या वजनाचा आणि त्याच्या केबलचा भार वाहू शकेल असे जहाज त्याभोवती उभे करणे. आधी जहाज आणि मग त्यावर पाइप, या क्रमाने गेलेली आखणी मी दोनदा फसलेली पाहिली आहे.

पण त्याआधी एक प्रश्न मी आपल्यालाच विचारतो, आणि तो आपल्या ग्राहकालाही विचारावा: काम नेमके काय आहे? भरावासाठी वाळू हवी असेल, तर मुंबईसमोर १०० मीटर खोलीचे पाणी किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास बाहेर गेल्यावर लागते, कारण तेथे खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, फार रुंद आहे. तेवढ्या अंतरावरून वाळू वाहून आणण्याचा हिशेब क्वचितच जमतो. वाढवण बंदराच्या भरावासाठी वाळू दमणसमोरच्या समुद्रातून आणण्याचे नियोजन आहे, ते याच कारणाने. जवळच्या आणि उथळ साठ्याशी खोल पाण्याची स्पर्धा होऊ शकत नाही. केरळच्या किनाऱ्यासमोरचे बांधकामाच्या वाळूचे तीन गट केंद्र सरकारने २०२४च्या अखेरीस लिलावासाठी काढले, त्यामुळे आपल्याकडेही किनाऱ्यापासून दूरच्या वाळूचा विचार सुरू झाला आहे हे खरे. पण तेथेही अंतर आणि खोली दोन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागेल.

काम चर खणण्याचे असेल तर गोष्ट वेगळी. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात पाणी ७५ मीटरच्या आसपास आहे, आणि अशा ठिकाणी पाइपलाइनसाठी चर खणायचा असेल तर वाळू वाहून नेण्याचा प्रश्नच येत नाही; तेथे हॉपरपेक्षा ड्रॅगहेड, म्हणजे पाइपाचे तळावर ओढले जाणारे तोंड, किती अचूक जागी बसतो याला महत्त्व येते. कॅनडात न्यूफाउंडलंडसमोरच्या ग्रँड बँक्सवर, सुमारे १२० मीटर पाण्यात, समुद्रतळाशी असलेली तेलविहिरींची यंत्रसामग्री वाहत येणाऱ्या हिमनगांच्या बुडाखाली चिरडू नये म्हणून मोठे खड्डे खणून त्यांत ठेवतात. त्या खड्ड्यांना तेथे ‘ग्लोरी होल’ म्हणतात. एका खड्ड्यातून निघणारा माल फारसा नसतो, पण तो नेमक्या जागेचा आणि नेमक्या खोलीचा असावा लागतो. भरावाची वाळू आणि असा खड्डा, या दोन कामांसाठी मी दोन वेगळी जहाजे आखीन.

दुसऱ्या प्रकारचे ड्रेजर का नाहीत, तेही थोडक्यात सांगतो. कटर ड्रेजर आपली शिडी तळापर्यंत टेकवतो आणि खुंटावर उभा राहून कापतो. जगातल्या सर्वांत शक्तिशाली कटर ड्रेजरांपैकी ‘स्पार्टाकस’ या २०२१ साली आलेल्या, ४४,१८० किलोवॅटच्या जहाजाचीही मर्यादा ४५ मीटर आहे. दोराला टांगलेल्या पंजाने माल उचलणाऱ्या ग्रॅब ड्रेजरला खोलीची तशी हरकत नाही, दोर सोडत राहायचा. पण १०० मीटर खाली जाऊन परत वर येऊन रिकामे होण्यात चार मिनिटे जातात, आणि १५ घनमीटरचा ग्रॅबही तासाला दीडशे घनमीटरांच्या पुढे जात नाही. छोट्या आणि अडचणीच्या जागी तो उपयोगी आहे. हजारो मीटर खोलीचे शास्त्र पुन्हा निराळे: चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०२१ साली मध्य हिंदी महासागरात ‘वराह’ नावाचे यंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले. तेथे पाइप ओढत नेण्याची कल्पनाच सोडून द्यावी लागते, आणि तळावर स्वतः चालणारे यंत्र व सरळ उभी नळी यांचाच आधार घ्यावा लागतो. आपल्या १०० मीटरसाठी मात्र ओढत्या पाइपाचा सक्शन ड्रेजर हेच योग्य यंत्र आहे. हे अशक्यप्राय नाही, याचा पुरावा पाण्यावर आहे: ‘क्रिस्तोबाल कोलोन’ आणि ‘लेव्ह एरिकसन’ ही ४६,००० घनमीटर हॉपरची, २२३ मीटर लांबीची जुळी जहाजे १५५ मीटर खोलीपर्यंत वाळू घेऊ शकतात.

आता पंपाची जागा. १०० मीटर खोली, १.३५ घनतेचे मिश्रण आणि पाच मीटरची घर्षणहानी धरली तर वरच्याच हिशेबाने पंप पाण्याखाली किमान २२ मीटरवर असावा लागतो. नवशिक्याला वाटते की पंप तळाशीच नेला पाहिजे, तसे नाही. तळाशी नेला तर दाबाची चैन होईल, पण सत्तर-ऐंशी टनांचे धूड पाइपाच्या टोकाला लटकेल, तळावर आपटेल आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी सगळा पाइप वर घ्यावा लागेल. उलट, २२ मीटर हा आकडाही तसाच घेऊ नये. काम करताना घनता एकसारखी राहत नाही. ड्रॅगहेड एखाद्या ढिगाऱ्यात घुसला की मिनिटभर १.५ घनतेचे मिश्रण येते, आणि झिजलेल्या पाइपात घर्षणही वाढलेले असते. या दोन्ही गोष्टी धरल्या की उत्तर ३२ मीटरच्या आसपास येते. मी ३५ मीटर धरतो. सक्शन पाइप ४५ अंशांत असेल आणि जहाजाच्या बाजूला त्याचा सांधा पाण्याखाली ६ मीटरवर असेल, तर पंप सांध्यापासून सुमारे ४० मीटरवर बसतो. हाच पाइप घेऊन ४० मीटर खोलीच्या पाण्यात काम केले तर पाइप आडवा होत जातो आणि पंप १६ मीटरवर येतो. त्या खोलीला तेवढे पुरते.

पंपाची ताकद काढताना एक चूक हमखास होते. वाळू १०० मीटर उचलायची म्हणजे १०० मीटरचा दाब हवा, असे धरून लोक राक्षसी मोटर मागवतात. पाइपाबाहेर समुद्र आहेच, त्यामुळे पंपाला फक्त घनतेतला फरक उचलावा लागतो: १.३५ वजा १.०२५, गुणिले १०० म्हणजे साडेबत्तीस मीटर. पाण्याच्या वर हॉपरच्या कडेपर्यंतचे बारा मीटर मात्र पूर्ण वजनाने उचलावे लागतात, त्याचे १६ मीटर; आणि घर्षण व वळणे यांचे सात. एकूण साधारण ५६ मीटर. १.२ मीटर व्यासाच्या पाइपात सेकंदाला साडेपाच मीटर वेग ठेवला तर सेकंदाला ६.२ घनमीटर मिश्रण वाहते, आणि पंपाची कार्यक्षमता ८० टक्के धरता सव्वाचार हजार किलोवॅटची मोटर लागते. या प्रवाहातून तळावरच्या स्थितीतली वाळू हिशेबाने तासाला सात हजार घनमीटरांच्या वर निघते. वळणे घेताना, पाइप उचलताना आणि तळ चुकताना जाणारा वेळ धरून मी ग्राहकाला पाच हजारांच्या पुढचा शब्द देणार नाही.

मोटर विजेचीच घ्यावी. हायड्रॉलिक मोटरचे तेल चाळीस मीटर लांब नळ्यांमधून नेताना ताकद वाया जाते आणि एक नळी फुटली की समुद्रात तेल. विजेच्या मोटरचे आवरण तेलाने भरून त्या तेलाचा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाशी आपोआप जुळता ठेवतात, म्हणजे सीलच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच दाब राहतो आणि पाणी आत शिरत नाही. खरा त्रास मोटरमध्ये नसतो, केबलमध्ये असतो. पाइप दर फेरीला वरखाली होतो, सांध्याजवळ केबल दर वेळी वाकते, आणि काही हजार वेळा वाकल्यावर आतल्या तारा तुटतात. सांध्याजवळची केबल वेगळा तुकडा म्हणून आखावी आणि तो तुकडा समुद्रातच, ड्रायडॉकची वाट न पाहता, बदलता यावा अशी जागा ठेवावी. आराखड्यावर ही गोष्ट क्षुल्लक दिसते. अरबी समुद्रात जेवढे दिवस काम करता येते ते लक्षात घेतले की ती क्षुल्लक राहत नाही.

पाइपाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे चुका महाग पडतात. सांध्यापासून तळापर्यंत ९४ मीटर उभे अंतर, ४५ अंशांत. म्हणजे १३३ मीटर लांबीचा पाइप. १.२ मीटर व्यास आणि २५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पाइपाचे नुसते वजन मीटरला पाऊण टनाच्या जवळ जाते. फ्लँज (तुकडे जोडणाऱ्या चकत्या), कडी, ड्रॅगहेडपाशी पाण्याचे जेट मारणाऱ्या नळ्या आणि केबल मिळून पाइप दीडशे टनांचा, पंप-मोटर ऐंशी टनांची, ड्रॅगहेड चाळीस टनांचा. हे पावणेतीनशे टन जहाजाच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपासून अठरा मीटरवर टांगायचे आहेत. रिकाम्या हॉपरच्या, तीस हजार टन विस्थापनाच्या जहाजालाही त्याने दोन अंशांहून जास्त कल येतो. दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत बल्लास्ट (तोल सावरण्यासाठीचे पाणी) घेऊन तो सावरता येतो, पण पाइप तळावर टेकला की त्याच क्षणी भार कमी होतो आणि जहाज उलट बाजूला कलते. म्हणून बल्लास्टचे पंप मोठे हवेत, आणि पाइप उतरवणारा माणूस व बल्लास्ट सांभाळणारा माणूस एकाच पडद्यासमोर बसलेले असावेत.

पाइप चपटा होण्याची भीती ही दुसरी गोष्ट. ड्रॅगहेड चिखलात रुतून तोंड बंद झाले आणि पंप चालूच राहिला, तर पंपाच्या तोंडाशी जवळजवळ निर्वात होते, आणि बाहेर ३५ मीटर पाण्याचा व वरच्या हवेचा मिळून साडेचार बारचा दाब असतो. २५ मिलिमीटर जाडीचा नवा पाइप या दाबाला सहज पुरतो. त्याची चपटे होण्याची मर्यादा चाळीस बारच्या वर येते. पण ही मर्यादा जाडीच्या घनाने घसरते. वाळूने घासून पाइप १२ मिलिमीटरवर आला की मर्यादा साडेचार बारच्या आसपासच उरते, म्हणजे नेमकी तेवढीच जेवढा दाब येणार आहे. एका जहाजावर मी स्वतः अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजत होतो: वरच्या बाजूला २१, कडेला १८ आणि खालच्या बाजूला, जिथे खडीसारखी वाळू घासत जाते तिथे, १२.५. वरून पाहिले तर पाइपाचा रंगही शाबूत होता. पंपाच्या जवळच्या तुकड्यांवर बाहेरून कडी घालावीत, दर ड्रायडॉकला पाइपाचे तुकडे १२० अंशांनी फिरवून बसवावेत म्हणजे झीज सगळ्या बाजूंना वाटली जाते, आणि ड्रॅगहेडवर दाब फार उतरला की आपोआप उघडून बाहेरचे पाणी आत घेणारी झडप ठेवावी. ही झडप सगळ्या सामग्रीत सर्वांत स्वस्त आहे, आणि जाम झालेली सापडणारीही तीच.

वीज अचानक गेली तर काय होईल, याचाही हिशेब आधी मांडावा. पंप थांबताच पाइपातली वाळू खाली घसरून ड्रॅगहेडच्या वर ठासून बसते. या पाइपात दीडशे घनमीटर मिश्रण असते, आणि पाण्याच्या तुलनेत त्याचे जास्तीचे वजन पन्नास टनांच्या घरात जाते. विंचा आणि गॅन्ट्री (पाइप उचलून धरणाऱ्या जहाजावरच्या चौकटी) हे पन्नास टन धरून आखल्या नसतील, तर पाइप वर येणारच नाही. आणि तेवढ्या वेळात जहाज प्रवाहाबरोबर सरकत असते. माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब वाटलेली पंधरा मिनिटे अशाच एका रात्रीची आहेत: आडव्या प्रवाहाने जहाज पाइपावर चढत चालले होते, पाइप बुडाखाली शिरू लागला होता आणि तांडेल विंचेवर उभा राहून इंच इंच दोर घेत होता. पाइप वाचला, मधला सांधा वाकला. तेव्हापासून पाइप जहाजाच्या बाजूपासून किती अंशांत आहे याची घंटा मी कोणत्याही आराखड्यात ऐच्छिक ठेवत नाही.

आता जहाजाकडे वळू, आणि येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. १३३ मीटरचा पाइप वर घेतल्यावर तो डेकच्या कडेला आडवा ठेवायचा असतो. त्यासाठी जहाजाची बाजू तेवढी सरळ असावी लागते. तिच्या पुढे नाळेचा निमुळता भाग आणि मागे इंजिनरूम व पंखे (प्रोपेलर). १८०-१९० मीटरपेक्षा लहान जहाजात हे बसत नाही. पाइप सांध्याजवळ, पंपाजवळ, पुढच्या वाकत्या सांध्याजवळ आणि ड्रॅगहेडजवळ अशा चार ठिकाणी गॅन्ट्रीने धरावा लागतो, आणि पंपाजवळच्या गॅन्ट्रीखालचे फ्रेम तर क्रेनच्या पायासारखे मजबूत करावे लागतात. असा पाइप एकाच बाजूला ठेवावा. दुसऱ्या बाजूला नेहमीच्या खोलीचा छोटा पाइप असला तर जहाज वर्षभर कमावू शकते. केवळ शंभर मीटरसाठी आखलेले जहाज आठ महिने रिकामे उभे राहते, हे मी लेखापालांकडून शिकलो, अभियंत्यांकडून नव्हे.

ड्रॅगहेडबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तीच वाळू, तितकीच घट्ट, पण खोल पाण्यात कापायला जास्त कठीण असते. गणपतीपुळ्याच्या किंवा आंजर्ल्याच्या ओल्या पुळणीवर पाय टाकला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते, हे आपण पाहिले असेल. घट्ट बसलेले कण हलवले की एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधली पोकळी वाढते आणि ती भरायला भोवतीचे पाणी आत ओढले जाते. ड्रॅगहेडचा दात वाळूत घुसतो तेव्हा हेच घडते; पाणी तेवढ्या लवकर येत नाही, पोकळीतला दाब उतरतो, आणि बाहेरचा दाब कणांना एकमेकांवर आवळून धरतो. हा आवळ किती वाढू शकतो याला मर्यादा एकच: पोकळीतल्या पाण्याची वाफ होईपर्यंत. १० मीटर खोलीवर ही मर्यादा २० मीटर पाण्याच्या दाबाइतकी, तर १०० मीटरवर ११० मीटरइतकी. बारीक आणि घट्ट वाळूत हा फरक पूर्ण जाणवतो. भरड वाळूत पाणी पटकन शिरते, म्हणून फारसा नाही. यावर दात वाढवणे हा उपाय नव्हे, कारण दातांचा जोर जहाजाच्या पंख्यांना ओढावा लागतो. उपाय जेटचा आहे: ड्रॅगहेडच्या टाचेखालून आठ-दहा बारच्या दाबाने पाणी वाळूत मारायचे, म्हणजे पोकळी भरायला पाणी आधीच हजर असते आणि वाळू सुटी होऊन उठते. येथे निसर्ग थोडी सवलतही देतो. जेटच्या नळीत आत आणि बाहेर दोन्हीकडे समुद्राचेच पाणी असल्यामुळे खोलीसाठी वेगळा दाब लागत नाही. फक्त लांब नळीतले घर्षण भरून काढले की झाले, आणि जेटचे पंप खुशाल जहाजात ठेवता येतात. म्हणून कामाच्या जागेचे मातीचे नमुने मागताना केवळ कणांचा आकार विचारू नये, वाळू किती घट्ट बसली आहे हेही विचारावे.

लाटांचा विचार ड्रॅगहेडपाशी संपत नाही. ड्रॅगहेडची विंच स्वेल कॉम्पेन्सेटरवर असते. जहाज वरखाली झाले तरी नायट्रोजनच्या दाबावर चालणारा सिलिंडर दोर घेतो-सोडतो आणि ड्रॅगहेड तळावर टेकलेला राहतो. उथळ पाण्यात एवढे पुरते. खोल पाण्यात पंपाचे ऐंशी टन पाइपाच्या मध्यावर लटकलेले असतात, आणि पंपाची विंच साधी ठेवली तर लाटेबरोबर हे वजन वरखाली झटके देते. ते झटके वाकत्या सांध्याच्या पिनांना सोसावे लागतात. पंपाच्या गॅन्ट्रीलाही स्वतंत्र कॉम्पेन्सेटर द्यावा असे माझे मत आहे. किती लाटेपर्यंत काम करायचे हेही प्रामाणिकपणे ठरवावे. आगोटीनंतर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांत पश्चिम किनाऱ्याबाहेर असे काम धरूच नये, आणि उरलेल्या आठ महिन्यांतही दोन मीटर उंच लाटेच्या वर काम चालेल असे गृहीत धरून वेळापत्रक आखू नये.

अचूकतेचा प्रश्न चरांच्या कामात येतो. ड्रॅगहेड कोठे आहे हे पाइपावरच्या कोनमापकांवरून काढतात, आणि १३३ मीटर पाइपाच्या कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तर खोलीत ऐंशी सेंटिमीटरांहून अधिक फरक पडतो. एका कामावर दुसऱ्या दिवशीच्या सर्वेक्षणात चर नेमका एवढाच उथळ निघाला. तीन दिवस सॉफ्टवेअरला दोष देण्यात गेले, आणि शेवटी कोनमापकाच्या कंसाचा एक बोल्ट कंपनाने सैल झालेला सापडला. ड्रॅगहेडवर दाबमापक बसवून खोली स्वतंत्रपणे मोजावी, जागा ध्वनिलहरींच्या यंत्रणेने पडताळावी, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर काम थांबावे. शिवाय प्रवाहाचा ढकला असतोच: जहाज आणि प्रवाह मिळून सेकंदाला दीड मीटर वेग असेल तर तिरप्या पाइपावर दहा टनांच्या आसपास जोर येतो, आणि जहाज ठरलेल्या रेषेवर धरणाऱ्या डायनॅमिक पोझिशनिंगच्या संगणकाला हा जोर माहीत नसेल तर तो उगाच पंखे फिरवत बसतो.

हॉपर, ओव्हरफ्लो आणि तळाचे दरवाजे यांत खोलीमुळे काही बदलत नाही. नेहमीचेच नियम लागू होतात, म्हणून ते सोडून देतो.

राहिला आपला जुना ड्रेजर. शंभर मीटर त्याच्या आवाक्यात नाही, कारण सुमारे शंभर मीटर लांबीच्या जहाजावर पाइप ठेवायला साठ-पासष्ट मीटरच सरळ जागा मिळते. पण त्याच जागेत ६५ मीटरचा, ८०० मिलिमीटर व्यासाचा पाइप बसवून आणि काम करताना तो ५० अंशांपर्यंत उतरवून ५५ मीटर खोली गाठता येते. तेथे पाण्याखालचा पंप १८ मीटरवर ठेवला तर मार्जिन धरूनही पुरतो, आणि मोटर सुमारे अकराशे किलोवॅटची लागते. पाइप, पंप आणि ड्रॅगहेड मिळून पंच्याऐंशी टनांच्या आसपास भार होईल, आणि तो या जहाजाला पेलवण्यासारखा आहे. खर्चाचा अंदाज मागवण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात: जनरेटरमध्ये अकराशे किलोवॅट खरोखर शिल्लक आहेत का, मधल्या गॅन्ट्रीखालचे फ्रेम बदलायला हॉपरच्या भिंतीपर्यंत वाट आहे का, आणि नव्या एकतर्फी भारासह, हॉपर पूर्ण भरलेला आणि अर्धा भरलेला अशा दोन्ही स्थितींत स्थैर्याचा हिशेब वर्गीकरण संस्थेकडून (जहाजाची बांधणी व सुरक्षितता तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेकडून) पुन्हा मंजूर होतो का. अर्ध्या भरलेल्या हॉपरचा हिशेब आधी करावा, कारण सैल मिश्रण एका बाजूला वाहते आणि आराखडा अडतो तो तेथेच. जहाज इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या वर्गीकरण संस्थेच्या वर्गात असेल तर पवईच्या कार्यालयात आराखडे घेऊन प्रत्यक्ष बसावे. नुसती पत्रे पाठवून अशा बदलाला महिनोन्‌महिने लागतात.